सातवा बार

माझ्या थोरल्या भावाचा विषय निघाला की गावातली जुनी माणसं उसासा टाकून म्हणतात, "काय करता मास्तर, तवा कुठं होते डॉक्टर न् कुठं होती दवाई!" मीही मान डोलावतो. साफ खोटं आहे ते. डॉक्टर होते. मेहकरला होते, त्यांच्याकडं पाऱ्याचं यंत्र होतं, आणि जे विचारायला पाहिजे ते त्यांनी दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा उत्तर मी दिलं. ते काय दिलं हे मी आजवर घरात सांगितलेलं नाही. ऐंशीला टेकलो आता, अजून किती दिवस दाबून ठेवायचं? म्हणून लिहायला बसलोय.

आमचं गाव डोणगावपासून चालत दीड-दोन तासांवर. दोन एकर बरड, तेही अर्धं दगडाचं, आणि दारी बैल नाही. आईबाप मी लहान असतानाच गेले. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. त्यानं विहिरी खोदल्या आणि मला शिकवलं. सातवी पास झालो, मास्तरकीचं शिक्षण घेतलं, आणि महाराष्ट्र राज्य नवं-नवं होतं त्या दिवसांत आमच्याच गावच्या शाळेत लागलो. मी धुतलेलं धोतर नेसून शाळेत जायचो तेव्हा दादा कमरेला दोर बांधून कोणाच्या तरी विहिरीत उतरलेला असायचा. त्याला माझं फार कौतुक होतं. "आमचा मास्तर" म्हणून सांगत फिरायचा येडा.

आमच्याकडं वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याच्या खाली काळा पाषाण. तिथं कुदळ चालत नाही, सुरुंगच लावावा लागतो. दादाचा एक जोडीदार होता, मुसलमान, आमच्याच मागच्या गल्लीतला. मिसरूड फुटायच्या आधीपासून दोघं सोबत. एकानं सब्बल, म्हणजे पहार, धरायची, दुसऱ्यानं घण मारायचा. दगडाला भोकं पडली की त्यात दारू ठासायची, वाती लावायच्या, पेटवून वर यायचं. मग जो वर उभा आहे त्यानं मोठ्यानं बार मोजायचे. सात भरले तर सात वाजले पाहिजेत. एक जरी कमी वाजला तर त्या दिवशी विहिरीत कोणी उतरायचं नाही, दुसऱ्या दिवशीच पाहायचं. मोजायचं काम दादाचं आणि उतरायचं काम जोडीदाराचं. इतक्या वर्षांत कधी चूक झाली नव्हती.

ती झाली पाटलाच्या विहिरीवर. सात बार भरले होते. सहा वाजले, आणि त्यावर एक भलामोठा दगड कडेनं सुटून खाली आपटला. दादानं तो आवाज सातवा धरला. "सात!" म्हणून ओरडला. जोडीदारानं विडी विझवली, कानाला खोचली आणि टोपल्यात बसला. हे मला दादानं एकदाच सांगितलं, भिंतीकडं तोंड करून. त्यात विडीचं दोनदा सांगितलं, कानाला खोचली म्हणून.

मी शाळेत पोरांकडून पाढे म्हणून घेत होतो. दुपारी एकच बार वाजला. एकटा. पोरं हसली. मीही पाढा पुढं चालू केला.

संध्याकाळी पाटलाच्या ओसरीवर हवालदार आला. पाटलानं मला बोलावून घेतलं. सुरुंगाची दारू बिनपरवान्याची होती, पाटलानंच आणवलेली. "मास्तर, तुहं अक्षर चांगलं हाय, पंचनामा तूच लिह्य," पाटील म्हणाला. मी बसलो. "पाय घसरून विहिरीत पडला, असं लिह्य." मी वर पाहिलं तर म्हणतो कसा, "काऊन? भावाले बेड्या घालाच्या हायेत काय तुह्या? मोजलं कोनं होतं?" हवालदारानं चादर वर करून मढं पाहिलंसुद्धा नाही. मी लिहिलं, वळणदार अक्षरात, खाली साक्षीदार म्हणून सही केली. मढ्याच्या आईचा अंगठा घेतला तो मीच तिचा हात धरून. लाज वाटली का म्हणाल तर तेव्हा नाही वाटली. भाऊ वाचवला असंच वाटलं.

गावानं तो कागद मुकाट मान्य केला. सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे म्हणत, पाय घसरला. दुसऱ्या महिन्यात जोडीदाराची आई आमच्या घरी आली. खरं तर दादानं जायला पाहिजे होतं, पण त्या गल्लीत त्याचं पाऊल पडत नव्हतं. तीच आली बिचारी. दादाच्या गळ्यात ताईत बांधला, त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बेटा, तू कायको जी जलाता? उसका पाय घसरला, तेरी क्या गलती?"  दादाचं तोंड उघडलं आणि त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी डोळ्यानंच दाबलं त्याला. ती गेल्यावर तो मोरीत जाऊन ओकला.

त्यानंतर तो मोजायला लागला. काहीही मोजायचा. वहिनी भाकर थापायला बसली की थापटीच्या आवाजावर याचे ओठ हलायचे, आणि सहापर्यंत आला की थांबायचा, अंगाला दरदरून घाम. वहिनी मग परसात नेऊन, पाठ करून, हलक्या हातानं भाकरी थापू लागली. जाड व्हायच्या, कच्च्या राहायच्या. शाळेची घंटा मीच वाजवायचो, आणि आमचं घर शाळेला लागून. एकदा घरी आलो तर हा कणगीमागं बसलेला, दोन्ही कान दाबून. मी हसलो. हो, हसलो! म्हणालो, "काय बे दादा, पोराटोरावानी?" 

गावात बोलणी सुरू झाली. कोणी म्हणे भित्रा झाला, कोणी म्हणे जोडीदाराचं भूत झोंबलं त्याला. पाटलाचा निरोपावर निरोप. विहीर अर्धी राहिली होती. दादा जात नव्हता. दुसरं काम नाही, आणि आमच्या बरडावर जायची पायवाट त्याच विहिरीच्या काठावरून. तिथून चार पावलांवर आलं की हा शेंदरी होऊन जायचा, तोंड सगळं लाल. मानेमागं डोकं ठणकतं म्हणायचा. वहिनी कांदा फोडून बांधायची. मग एक दिवस डोणगावच्या बाजारात उभ्याउभ्या त्याचा घोळणा फुटला. रक्त थांबेना. लोकांनी त्याला एका ओट्यावर निजवलं आणि मला निरोप धाडला.

तेव्हा मी त्याला मेहकरला नेलं. ते डॉक्टर म्हातारे होते, मोठ्या लढाईत फौजेत राहिलेले. दंडाला फडकं गुंडाळलं, फुगा दाबला, पारा सरसर वर चढला. त्यांनी पुन्हा फुगवलं. मग चष्मा काढून दादाकडं नुसते पाहत राहिले. रक्ताचा दाब फार वाढलाय म्हणाले. आम्ही ते नावही पहिल्यांदाच ऐकत होतो. तेवढ्यात कंपाउंडरच्या हातून पत्र्याचं झाकण पडलं. दादा खुर्चीतून उठून भिंतीला चिकटला. डॉक्टरांनी ते नीट पाहिलं.

"याला काही मोठा धक्का बसला होता का?" त्यांनी विचारलं.

दादानं ओठ उघडले. मी आधी बोललो, "नाही साहेब. कष्टाचा मानूस. उन्हातान्हाचं असंन."

पांढऱ्या गोळ्या मिळाल्या आणि मीठ बंद झालं. वहिनीनं घरातलंच मीठ बंद केलं, म्हणे त्यानं अळणी खायचं आणि आपण मिठाचं, हे गळ्याखाली उतरत नाही. तीन महिने आम्ही अळणी वरण, अळणी भाजी खाल्ली. मी चिडचिड करायचो. चोरून शाळेत एका पोराच्या डब्यातलं लोणचं मागून खाल्लं मी, इतका भिकारडा झालो होतो. आणि इकडं तो पारा काही उतरेना. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी दादाला बाहेर बाकावर बसवलं आणि दार लोटून घेतलं.

"मास्तर, मीठ सोडलं, गोळ्या चालू आहेत, तरी हा दाब असा का? मी फौजेत असे जवान पाहिलेत. अंगावर एक ओरखडा नाही आणि चमचा पडला की थरथरतात. हा कधी स्फोटाजवळ होता का? खरं सांगा. मी काही पोलीस नाही."

इतकं सोपं करून दिलं होतं त्यांनी! 'हो' एवढंच म्हणायचं होतं. पण मला तो कागद दिसत होता, त्यावरचं माझं वळणदार अक्षर, माझी सही. दादा अडकेल ही भीती होतीच, पण मास्तरकी जाईल ही भीती जास्त होती. जास्तच होती, आता हे लिहूनच टाकतो. मी म्हणालो, "नाही साहेब. विहिरीचं काम आमच्याकडं नाहीच कोनाचं. शेतकरी मानूस तो."

डॉक्टरांनी गोळ्या वाढवून दिल्या. परतीच्या वाटेवर दादानं विचारलं, "काय म्हने डॉक्टर?" मी सांगितलं, "मीठ खाऊ नको म्हने." त्यानं धोतराचा सोगा कमरेला खोचला. मग म्हणाला, "त्यायले सांगून टाकलं असतं तर बरं झालं असतं बे." मी त्याच्यावर खेकसलो, भर रस्त्यात.

आता पोळ्याचं सांगायला पाहिजे. आमच्याकडं पोळा म्हणजे बैलवाल्यांचा सण. मारुतीच्या पारासमोर आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, त्याखाली गावचे सगळे बैल झुली घालून, शिंगं रंगवून उभे करतात, गडी झडत्या, म्हणजे बैलांची गाणी, म्हणतात, आणि तोरण तुटलं की पोळा फुटला. ज्याच्या दारी बैल नाही त्याला तिथं उभं राहायला जागा नसते, मागं बायापोरांत जाऊन उभं राहावं लागतं. आमच्या घराला मात्र जागा होती, आणि ती आज्यापासून चालत आलेली. लोखंडी उखळीत दारू ठासून तीन बार उडवायचा मान आमचा होता. पहिल्या बाराला बैल गोळा व्हायचे, दुसऱ्याला झडत्या सुरू, आणि तिसरा वाजला की तोरण तोडायचं. आमचा बार वाजल्याशिवाय पाटलाचा बैलसुद्धा हलत नसे. अख्ख्या गावात एवढी एकच गोष्ट आमची होती.

पोळा चार दिवसांवर आला तेव्हा पाटलानं निरोप धाडला. बार उडवणार की मान दुसऱ्या घराला द्यायचा? दादा लगेच म्हणाला, "देऊन टाका. मले नाही जमत."

माझं डोकंच फिरलं. मान गेला तर आम्ही मागं बायकापोरांत उभे राहणार, आणि मी तर मास्तर! शिवाय लोक विचारणार, बार का नाही उडवला? एकदा तोंडं उघडली की विहिरीपर्यंत जाणार. आणि खरं सांगतो, मला असंही वाटत होतं की भीती अशीच मोडते. पाण्याला भिणाऱ्या पोराला आपण डोहात ढकलतो ना, तसं. शिकलेला माणूस मी, पण ही अक्कल माझी. मी त्याला नको नको ते बोललो. म्हणालो, "बांगड्या भर हातात. बापाचं, आज्याचं नाव बुडवलं तू." वहिनी मधे आली, माझ्या पायाशी वाकली. "भाऊजी, तुमच्या पाया पडतो मी. नका ना जबरी करू त्यायले. त्यायचं डोकं पाहा कसं उडून राह्यलं." तिनं त्याच्या कानशिलावरची शीर बोटानं दाखवली. मी म्हणालो, "तुमी मधात नका बोलू वयनी."

दादानं गळ्यातला ताईत चाचपला. शेवटी म्हणाला, "जातो. पन तू बाजूले उभा राह्य. मी नाही मोजनार. तू मोज."

"मोजतो," मी म्हणालो.

पोळ्याच्या दिवशी ऊन होतं, पण आदल्या आठवड्यात झड लागून गेली होती आणि दारू सादळली होती. दुपार कलल्यावर आम्ही पारापाशी गेलो. दादानं नवं धोतर नेसलं होतं, गळ्यात तो ताईत. त्यानं उखळी ठासली. जुनी सवय, काम बरोबर झालं. लांब काठीच्या टोकाला पेटतं फडकं, ते त्यानं पुढं केलं. पहिला बार वाजला. मी मोठ्यानं "एक!" म्हणालो. दादा जागचा हलला नाही, डोळे घट्ट मिटून उभा. मला वाटलं, पाहा, जमलं! माझी छाती फुगली. दुसरा बार वाजला. "दोन!" झडत्या सुरू झाल्या. दादाच्या मानेवरून घामाच्या धारा लागल्या होत्या, आणि तोंड कसं म्हणाल तर तव्यावरच्या मिरचीसारखं काळंलाल.

तिसऱ्याला त्यानं काठी लावली आणि बार वाजलाच नाही.

सगळे थांबले. झडत्या संपल्या. बैल पाय आपटू लागले. उखळीतून बारीक धूर येत होता. मागून कोणी तरी ओरडलं, "जा ना बे जवळ, पाह्य काय झालं!" लोक हसले. पाटील म्हणाला, "भेतो कायले? जाऊन पाह्य." आणि माझ्या भावानं, ज्यानं एका माणसाला असंच जवळ जाऊ दिलं होतं, त्यानं मान वळवून मला विचारलं, "किती झाले?"

"दोन," मी म्हणालो.

तो पुन्हा म्हणाला, "किती झाले बे?" पण आता ते शब्द नीट उमटले नाहीत. तोंडाची उजवी बाजू खाली ओघळली. काठी हातातून सुटली. तो हळूच, कोणी बसवावं तसा, मातीत बसला आणि कलंडला. मी धावलो, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, आणि तेवढ्यात ती उखळी वाजली. एकच जल्लोष झाला. तोरण तुटलं, बैल सुटले, डफडी वाजायला लागली. आमच्या दोन्ही बाजूंनी बैल पळत होते आणि मी "दादा, दादा" म्हणून ओरडत होतो, ते कोणाला ऐकू गेलं नाही.

पाटलाच्या छकड्यातून त्याला मेहकरला नेलं. डोक्यात रक्ताची नळी फुटली होती. उजवं अंग गेलं. वाचा गेली. तिथं, त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात, मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. विहीर, सातवा बार, पंचनामा, सगळं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मी म्हणालो, "साहेब, आधी सांगितलं असतं तर?"

ते म्हणाले, "तो दाब काही एका दिवसात चढलेला नव्हता. तुम्ही सांगितलं असतं तर मी त्याला नक्की वाचवला असता असं म्हणणार नाही. पण त्या गावात, त्या विहिरीच्या वाटेवर मी त्याला ठेवू दिलं नसतं. आणि बार तर नाहीच." मग म्हणाले, "मास्तर, मी दोनदा विचारलं होतं."

पुढं दादा दोन वर्षं जगला. बाराचा मान दुसऱ्या घरात गेला. कोणाला काही वाटलं नाही. पाटलाची विहीर परगावच्या माणसांनी खोदून पुरी केली, पाणीही चांगलं लागलं. मी मास्तरच राहिलो. वहिनी पुन्हा चुलीपाशी बसून भाकरी थापू लागली, कारण आता दादाला त्या आवाजाचं काही होत नाही असं तिला वाटायचं. मला तसं वाटत नव्हतं. खाटेवर त्याचा डावा हात पाहिला की कळायचं, बोटं हलत असायची.

त्या दोन वर्षांत दोन पोळे आले. पोळ्याच्या दिवशी मी दार-खिडकी लावून घ्यायचो, फटीत गोधड्या कोंबायचो आणि त्याच्या खाटेवर उशाशी बसायचो. पण घर पारापासून कितीसं लांब? बार ऐकू यायचाच. दादाचा एकच हात चालत होता. डावा कान तो स्वतः झाकून घ्यायचा. उजवा मी झाकायचो. माझ्या तळव्याखाली त्याची ती शीर थाडथाड उडत असायची.

तिसरा बार वाजून तोरण तुटल्याचा गलका झाला की मी हात काढू लागायचो. तो डोळ्यांनी विचारायचा, किती? मी सांगायचो, "तीन झाले दादा. खरंच तीन झाले. संपलं." तो माझ्या तोंडाकडं पाहत राहायचा आणि स्वतःचा हात कानावरून काढायचा नाही. मग मीही माझा हात पुन्हा ठेवायचो. बैल घरोघरी पोचून, गाव गप्प होईपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून राहायचो.